न कोरता वाचवलेली दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या तोंडात शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात तिची चाहूलही लागत नाही. ही दाढ कायमची असते. माथ्यावरच्या खाचा खोल, ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नाहीत, आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत तिसरी-चौथीत जाईपर्यंत तिथं कीड लागलेली असते. "दुधाचीच आहे ना डॉक्टरबाई, पडेल की," असं आया मला सांगत. आधी शहरातल्या शाळांच्या दवाखान्यात आणि नंतर जव्हार-मोखाड्याकडच्या आश्रमशाळांमध्ये मुलांचे दात बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. शाळकरी मुलांची कीड बरी करायला गेल्या सव्वाशे वर्षांत जगात काय काय झालं, ते नीट वाचायला सवड मात्र नोकरी संपत आल्यावरच मिळाली. ते वाचून माझं एक मत पक्कं झालं. दात कमीत कमी कोरणारे, मुलाला न दुखवणारे उपचार बहुतेक वेळा अशा ठिकाणी उभे राहिले, जिथं वीज नव्हती, पैसा नव्हता, किंवा समोरचं मूल भेदरलेलं होतं. आपल्याकडे या तिन्ही अडचणी आहेत, तरी ते उपचार आपल्या शाळांपर्यंत अजून पोचलेले नाहीत.

आमच्या पिढीला कॉलेजात शिकवलं गेलं ते शिकागोच्या ग्रीन व्हर्दिमन ब्लॅक यांचं शास्त्र. त्यांचा 'ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री' हा दोन खंडांचा ग्रंथ १९०८ साली निघाला. किडीचे त्यांनी पाडलेले वर्ग आजही परीक्षेत विचारतात. त्यांचा नियम असा, की कीड जेवढी आहे तेवढंच कोरून थांबायचं नाही. शेजारच्या निरोगी खाचाही कोरून भरणात घ्यायच्या, म्हणजे पुढे तिथं कीड धरायला जागा उरत नाही. शिवाय पाऱ्यात कालवलेली चांदी दाताला चिकटत नाही, ती नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद करावा लागे, आणि त्यासाठी आणखी निरोगी दात जाई. ब्लॅक यांच्या काळात फ्लोराइडची पेस्ट नव्हती, दाताला धरून राहणारं सिमेंट नव्हतं. त्या परिस्थितीत त्यांनी सांगितलं ते योग्यच होतं. पण आठ वर्षांच्या मुलाच्या दाढेत असं भरण केलं की त्याचं पुढे काय होतं, ते मी मोठ्या माणसांच्या तोंडात पाहिलं आहे. काही वर्षांनी चांदीची कड फुटते, ती काढून आणखी मोठी भरतात, मग रूट कॅनल, मग टोपी, आणि शेवटी दाढ काढायची वेळ येते.

कोरायचं यंत्र जसं सुधारत गेलं तसं कोरणं वाढलं, असं मला वाटतं. जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली पायानं चालवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शिवणयंत्रासारखं पायटं मारत दात कोरायचा. १९५७ साली जॉन बोर्डन यांचा हवेवर फिरणारा एअरोटर बाजारात आला. मिनिटाला तीन लाखांच्या घरात फेरे. हाडाहून कठीण असं दाताचं कवच त्याच्यापुढे काहीच टिकत नाही. पण या यंत्राला कॉम्प्रेसर लागतो, पाणी लागतं, अखंड वीज लागते. त्याची शिट्टी बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाला ऐकू जाते, आणि मग ते मूल खुर्चीपर्यंत यायलाच तयार होत नाही.

शाळकरी मुलांच्या दातांची जबाबदारी देशानं उचलायची, हे सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं न्यूझीलंडनं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे किडलेले दात पाहून तिथले लष्करी दंतवैद्य अस्वस्थ झाले. त्यांचे प्रमुख थॉमस हंटर यांनी सरकारला पटवलं, की दात बिघडतात ते शाळेच्या वयात, तेव्हा डॉक्टर तिथंच हवा. डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून १९२१ साली वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचं शिक्षण देऊन 'स्कूल डेंटल नर्स' तयार करायला सुरुवात झाली. दंतवैद्यांच्या व्यवसायातून विरोध झाला, पण काम थांबलं नाही. पुढच्या काही दशकांत देशभर शाळांच्या आवारात छोटे पांढरे दवाखाने उभे राहिले. वर्गातून मुलाला बोलावून आणायचं, दात तपासायचे, भरायचे, परत वर्गात पाठवायचं. फी काही नाही.

मला या बायकांबद्दल फार आदर आहे. खेड्यातल्या शाळेत एकटीनं दवाखाना चालवायचा, सुरुवातीच्या काळात पायानं यंत्र चालवत कोरायचं, आणि मूल रडू नये म्हणून कापसाच्या गुंडाळ्यांच्या मधमाश्या करून त्याच्या हातात द्यायच्या. १९७४ साली त्या कमी पगाराच्या निषेधार्थ थेट संसदेवर मोर्चा घेऊन गेल्या. तरीही मुलांनी त्या दवाखान्याला नाव ठेवलं होतं 'मर्डर हाउस'. एक संपूर्ण पिढी त्या नावाची आठवण घेऊन मोठी झाली, आणि त्यांतले कित्येक जण मोठेपणी दंतवैद्याकडे जायला घाबरत राहिले. सेवेत दोष नव्हता, हातातल्या साधनात होता. मुलाला न दुखवता कीड थांबवायची कशी, याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे तेव्हा नव्हतं.

ही नर्सची पद्धत १९४९ साली मलायातही गेली. भारतात आली नाही. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतचिकित्सक, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक एवढ्यांचीच नोंद होती. शाळेत जाऊन मुलांचे दात भरणारी नर्स त्यात नव्हती. याचा परिणाम आजपर्यंत भोगावा लागतो आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

कोरण्याला पर्याय नव्हताच असं मात्र नाही. चांदीचं औषध होतं. १८९१ साली अमेरिकेत स्टेबिन्स नावाच्या दंतवैद्यानं लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर नायट्रेट लावून कीड थांबते असं लिहून ठेवलं. खुद्द ब्लॅक यांनीही हे औषध वापरलेलं आहे. १९१४ साली बॉस्टनमध्ये गरीब मुलांसाठी फोर्साइथ दंतरुग्णालय उघडलं, आणि १९१७ साली तिथल्या पर्सी हाउ यांनी अमोनियात मिसळलेलं सिल्व्हर नायट्रेट पुढे आणलं. कित्येक वर्षं ते 'हाउचं द्रावण' म्हणून दवाखान्यांच्या कपाटात असे. नंतर यंत्रं सुधारली, भूल सोपी झाली, आणि लावून सोडून द्यायचं औषध मागे पडलं. भरण करणं हे कौशल्य समजलं गेलं, औषध लावणं नाही.

ते पुन्हा उभं केलं जपाननं. ओसाका विद्यापीठात रेइइची यामागा आणि मिझुहो निशिनो यांनी १९६० च्या दशकात चांदी आणि फ्लोराइड एकत्र आणून सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड तयार केलं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा कडक करतो. ३८ टक्क्यांचं हे द्रावण १९७० पासून 'सफोराइड' या नावानं तिथं विकलं जाऊ लागलं. लावायला एक थेंब आणि एक मिनिट पुरतं. किडलेली जागा मात्र काळी ठिक्कर पडते, आणि तो काळेपणा जात नाही.

जपानी स्त्रियांत लोखंडाच्या द्रावणानं आणि तुरट भुकटीनं दात काळे करण्याची 'ओहागुरो' नावाची जुनी चाल होती, आणि अशा दातांना कीड कमी लागते असं तिथल्या दंतवैद्यांनी नोंदवलेलं आहे. हे वाचताना मला माझ्या आजीची आई आठवली. हिराकस घातलेलं काळं दातवण लावण्याची चाल आपल्याकडे सवाष्णींमध्ये होती. मिशरीशी त्याचा संबंध नाही, मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू आणि तिनं तोंडाचा नाशच होतो. पणजीचे दात म्हातारपणीही काळेभोर आणि शाबूत होते. एका म्हातारीच्या दातांवरून मी काही सिद्ध करणार नाही. पण काळा दात म्हणजे सडलेला दात हे आपण अलीकडे ठरवलं आहे, एवढं तरी त्यावरून कळतं.

चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात बालवाडीच्या ३७५ मुलांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या किडलेल्या दातांवर वर्षातून एकदा हे द्रावण लावल्यावर कीड थांबली, आणि आधी कीड खरवडून काढली काय नि न काढली काय, फारसा फरक पडला नाही. ज्यांनी आयुष्यभर कीड खरवडण्यात घालवलं त्यांना हे पटायला वेळ लागला. मलाही लागला.

मागच्या दाढांवर मी हे औषध निःशंक लावत असे. वरच्या पुढच्या दातांवर लावताना आईला आधी रंगाचा फोटो दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. एखादी आई नको म्हणाली तर ते तिचं अडाणीपण समजू नये. मुलीच्या हसण्याची काळजी तिलाच करायची असते. द्रावण हाताला, ओठाला, गणवेशाला लागलं तर तिथंही डाग पडतो. ओठाचा आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, गणवेशाचा जात नाही. हे आधी सांगितलं की भांडण होत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती टांझानियाची गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जो फ्रेंकन नावाचे डच दंतवैद्य दार-एस-सलामच्या दंतमहाविद्यालयात काम करत होते. खेड्यांत नेलेली कोरायची यंत्रं वीज आणि पाण्याअभावी पडून राहत, आणि रुग्णाचा दात काढण्याखेरीज मार्ग उरत नसे. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. हातानं वापरायची दोन-तीन हत्यारं, कापूस आणि सिमेंट एवढ्यावर काम सुरू केलं. कवचाची पोकळ कड छोट्या कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तोडायची, आतली मऊ कीड चमच्यानं काढायची, आणि खड्ड्यात सिमेंट भरायचं.

योग्य सिमेंट तोवर तयार झालेलं होतं. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी काचेची भुकटी आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल यांपासून ग्लास आयोनोमर बनवलं, त्याची माहिती १९७२ साली प्रसिद्ध झाली. ते दाताला रासायनिक बंधानं धरतं, म्हणून तळाशी रुंद खड्डा कोरायची गरज राहत नाही, आणि त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. टांझानियातल्या पहिल्या प्रयोगांत दुसरं, जुनं सिमेंट होतं, पण थायलंड आणि झिंबाब्वेतल्या शाळांमध्ये ग्लास आयोनोमर वापरलं गेलं. ७ एप्रिल १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय तोंडाचं आरोग्य हा होता, त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत जगापुढे ठेवली. नव्वदच्या दशकात खास या कामासाठी घट्ट सिमेंट निघालं. आमच्याकडे त्याला अजून 'टाइप नाइन' म्हणतात.

आश्रमशाळेत हे करताना दोन बाक जोडून त्यांवर मुलाला आडवं करायचं. डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली सतरंजी. मी डोक्याशी स्टुलावर, कपाळाला टॉर्च. दाढेभोवती कापूस ठेवून ती कोरडी करायची. चमचा फिरवताना कीड ओलसर आणि मऊ लागते, थरांनी सुटते. खाली कातडी सोलल्यासारखा चिवट थर आला की कडेनं स्वच्छ करायचं आणि तळाशी थांबायचं. हे थांबणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मग मदतनीस बाई भुकटी आणि द्रव कागदावर झपाट्यानं कालवते. जरा जास्त वेळ लागला की चकाकी जाते आणि ते सिमेंट दाताला धरत नाही, टाकून द्यावं लागतं. खड्डा भरून वर व्हॅसलीन लावलेलं बोट दाबायचं, म्हणजे शेजारच्या खाचांतही सिमेंट जाऊन बसतं. ब्लॅक ज्या खाचा कोरून भरत, त्या इथं नुसत्या बुजतात. सुई नाही, शिट्टी नाही. तासभर काही खायचं नाही एवढंच पथ्य. वर्गातली धीट मुलं आधी घ्यावीत. ती परत जाऊन "काही नाही रे, चमचा आहे" असं सांगतात, आणि मग बाकीची आपणहून रांगेत उभी राहतात.

तळाशी थोडी कीड राहिली तर ती आत पसरणार नाही का, असा प्रश्न तरुण डॉक्टर विचारतात. रास्त प्रश्न आहे. अमेरिकेत जॉर्जियामध्ये ईव्हा मर्ट्झ-फेअरहर्स्ट यांनी उघड किडलेल्या दाढा कीड आत ठेवून वरून नीट बंद केल्या आणि दहा वर्षं पाहिल्या. १९९८ साली निष्कर्ष आला. जोवर झाकण पक्कं आहे तोवर आतली कीड पुढे सरकली नाही. जंतूंना साखर मिळाली नाही की ते थंडावतात.

मर्यादा लपवू नयेत. २०१२ सालच्या एकत्रित आढाव्यात दुधाच्या दाढेच्या एकाच बाजूवर भरलेलं सिमेंट दोन वर्षांनंतर ९३ टक्के दातांत शाबूत होतं, पण दोन-तीन बाजूंवर पसरलेलं फक्त ६२ टक्क्यांत. मोठ्या खड्ड्याला हे पुरत नाही. तिथं स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांची रीत कामी येते. या दंतवैद्य बाई भूल न देता, कीड न काढता, मुलाच्या दुधाच्या दाढेवर सिमेंट भरलेली स्टीलची टोपी सरळ चढवत आणि मुलाला चावायला सांगत. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००६ साली त्यांच्या रुग्णांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या, नंतर रीतसर चाचण्या झाल्या, आणि आज ही पद्धत त्यांच्याच नावानं शिकवतात. दाढेच्या मुळाशी गळू आलं असेल, रात्री ठणक लागत असेल, तर मात्र यांतलं काहीही करू नये. तिथं रूट कॅनल किंवा दात काढणं हाच उपाय.

आता आपल्याकडे. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांना कीड आढळली होती. जव्हारच्या दुकानात पाच रुपयांची बिस्किटं आणि गोळ्या पोचल्या, दंतवैद्य पोचला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशासाठी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, आणि तपासायच्या तीस आजारांत दातांचे विकारही आहेत. शाळेत गाडी येते, पथक मुलं तपासतं. पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात, दंतचिकित्सक नसतो. कीड दिसली की कागदावर लिहून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं. मोखाड्याच्या पाड्यावरच्या आईबापांनी त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून जायचं. ते जात नाहीत. दाढ ठणकायला लागली की जातात, आणि तेव्हा ती काढावी लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडातून कायमची दाढ काढताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण चार वर्षं आधी चमचाभर सिमेंटनं ती वाचली असती.

चांदीचं द्रावण लावणं नर्सला जमेल का, ही शंकाही आता उरलेली नाही. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमध्ये हजारो मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली आले. काळं पाडणारं ते द्रावण शाळेतल्या नर्सनी लावलं काय किंवा प्रशिक्षित हायजिनिस्टनी लावलं काय, गुण सारखाच आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत. २०२२ साली पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता करारातल्या देशांनी पंधरा वर्षांखालच्या मुलांना पाऱ्याची चांदी भरणं टाळायचं ठरवलं, आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे जुना रस्ता बंद होत चालला आहे आणि नवा स्वस्त आहे.

पथकाच्या पेटीत चमचे, सिमेंट आणि हे द्रावण यायला हवं. नर्सला थोड्या दिवसांचं शिक्षण आणि तालुक्याला फिरता दंतचिकित्सक हवा, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांची पुन्हा तपासणी. सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी तपासणीची गाडी आली, की मुख्याध्यापकांसमोर लेखी विचारा: कीड सापडली तर उपचार याच शाळेत होणार का, आणि होणार नसेल तर केव्हापासून होईल?